रिपोर्टात आधीच लिहिलेलं होतं: रक्तातली प्रथिनं आणि रक्ताचा कॅन्सर

‘रक्ताच्या एका नमुन्यावरून कॅन्सर सात वर्षं आधी ओळखता येणार’ अशा आशयाच्या बातम्या २०२४च्या मे महिन्यापासून अधूनमधून फिरत असतात. त्या वाचून लोक दोन टोकांना जातात. कुणाला वाटतं, आता चाचणी केली की सुटलो. कुणाला वाटतं, हे सगळं पैसे काढायचे धंदे. मला त्या बातमीपेक्षा एक जुनी, स्वस्त चाचणी जास्त महत्त्वाची वाटते. तिचं कारण घरातलं आहे.

माझ्या आत्याची पाठ दुखत होती. वय ६१. आधी ‘वयाचं दुखणं’, मग ‘मणक्यात गॅप’, मग ‘टीबी असू शकतो’, असं करत आठ महिने गेले. शेवटी निदान झालं ते मल्टिपल मायलोमाचं, म्हणजे रक्ताच्या एका कॅन्सरचं. नंतर फाइल चाळताना पाच महिन्यांपूर्वीचा एक साधा रिपोर्ट सापडला. टोटल प्रोटीन, म्हणजे रक्तद्रवातली एकूण प्रथिनं, ९.४; त्यातलं मुख्य प्रथिन अल्ब्युमिन ३.३; उरलेली सगळी, म्हणजे ग्लोब्युलिन, ६.१. पुढे ‘हाय’ असं छापलेलंही होतं. पण तो रिपोर्ट लिव्हरसाठी काढला होता आणि लिव्हर ठीक होतं, म्हणून कागद बाजूला पडला. हा लेख त्या ६.१ या आकड्याबद्दल आहे.

रक्ताचे कॅन्सर एकसारखे नसतात

ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हे तीन मोठे गट. ल्युकेमियात बिघडलेल्या पेशी बहुतेक वेळा रक्तातच फिरत असतात, त्यामुळे पहिला संशय साध्या सीबीसीवरूनच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरूनच, येतो. लिम्फोमा बहुधा गाठींमध्ये वाढतो आणि गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय त्याचं निदान होत नाही. मायलोमाचं तसं नाही. त्याच्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, दडून बसतात. रक्तात त्या सहसा दिसत नाहीत, पण त्यांनी तयार केलेलं प्रथिन दिसतं.

म्हणून ‘रक्तातल्या प्रथिनावरून रक्ताचा कॅन्सर’ हे वाक्य सर्वांत खरं ठरतं ते मायलोमाच्या बाबतीत. इतर रक्त-कॅन्सरमध्ये प्रथिनं मदतनीस असतात. इथे ती मुख्य साक्षीदार आहेत.

पेणचे कारखाने आणि एकच साचा

अँटिबॉडी हा शब्द कोविडनंतर घराघरांत पोचला. जंतूला ओळखून पकडणारं हे प्रथिन. ते तयार करतात प्लाझ्मा पेशी, आणि एक प्लाझ्मा पेशी आयुष्यभर एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते.

पेणच्या गणपती कारखान्यांचं उदाहरण घेऊ. समजा, प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा आणि तो एकाच घडणीची मूर्ती काढतो. हजारो कारखाने आहेत, त्यामुळे बाजारात हजारो प्रकारच्या मूर्ती येतात. निरोगी रक्तातल्या अँटिबॉडी अशाच असतात, नाना तऱ्हेच्या. आता त्यातला एक कारखाना बिघडला; मायलोमात एक प्लाझ्मा पेशी बिघडते ती अशी. त्याच्या शाखांवर शाखा निघत गेल्या, आणि सगळीकडे तोच साचा. काही दिवसांत बाजार एकाच मूर्तीने भरून जातो. बाकीच्या कारखान्यांना जागा उरत नाही, म्हणून उपयोगी अँटिबॉडी कमी पडतात आणि माणसाला वरचेवर न्यूमोनियासारखे संसर्ग होतात.

एकाच साच्यातून निघालेल्या या प्रथिनाच्या ढिगाला डॉक्टर ‘एम-प्रोटीन’ म्हणतात. लक्षात ठेवायचा शब्द हा एकच.

सुळका

एकसाची प्रथिन ओळखायची युक्ती जुनी आहे. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विजेच्या प्रवाहात प्रथिनं वेगळी करण्याची पद्धत मांडली आणि १९४८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज ही चाचणी शहरांतल्या मोठ्या लॅबमध्ये होते. तिचं नाव सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, बोलताना ‘एसपीईपी’.

जुन्या पद्धतीत जेलीच्या पातळ पट्टीवर रक्तद्रवाचा थेंब ठेवून वीज सोडतात. ज्या प्रथिनावर विद्युतभार जास्त ते पुढे पळतं. अल्ब्युमिन सर्वांत पुढे जातं आणि अँटिबॉडी सर्वांत मागे रेंगाळतात. मग पट्टी रंगवून आलेख काढतात.

निरोगी माणसाच्या आलेखात शेवटी एक बसकी, पसरट टेकडी दिसते. हजारो प्रकारच्या अँटिबॉडी थोड्याथोड्या अंतरावर थांबतात, म्हणून ती पसरट. क्षयरोग, लिव्हर सिरॉसिस, एचआयव्ही किंवा संधिवातासारख्या आजारात अँटिबॉडी वाढतात तेव्हा हीच टेकडी उंच होते, पण पसरटच राहते, एखाद्या पठारासारखी. अनेक कारखाने एकदम कामाला लागले, एवढाच त्याचा अर्थ. एम-प्रोटीनचे सगळे रेणू मात्र सारखेच, म्हणून ते एकाच जागी येऊन थांबतात आणि आलेखात लिंगाण्यासारखा सुळका उभा राहतो. रिपोर्टात ‘एम-स्पाइक’ लिहितात तो हा.

पठार की सुळका, या एका भेदावर पुढचं बरंच काही ठरतं. सुळका दिसला की दुसऱ्या चाचणीने, इम्युनोफिक्सेशनने, तो नेमक्या कुठल्या प्रकारच्या अँटिबॉडीचा आहे हे बघतात.

सुटे हात

पेणच्या कारखान्यात थोडं परत जाऊ. मूर्तीचं धड एका साच्यातून काढतात, हात वेगळे काढून मागाहून जोडतात. अँटिबॉडीचंही असंच आहे. दोन जड साखळ्या म्हणजे धड आणि दोन हलक्या साखळ्या म्हणजे हात. पेशी हात नेहमी थोडे जास्तच बनवतात. न जोडलेले सुटे हात रक्तात फिरतात, त्यांना ‘फ्री लाइट चेन’ म्हणतात. हात दोनच जातींचे: कॅप्पा आणि लॅम्डा. एक पेशी यातली एकच जात बनवते.

निरोगी रक्तात या दोन जातींचं प्रमाण साधारण ठरलेलं असतं. कॅप्पाला लॅम्डाने भागलं तर उत्तर ०.२६ ते १.६५ च्या दरम्यान येतं. एक कारखाना माजला की त्याची जात बेसुमार वाढते आणि हे गुणोत्तर बिघडतं. मायलोमाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत धड बनतच नाही, नुसते हात बनतात. त्यांच्या एसपीईपीमध्ये सुळका अगदी छोटा असतो किंवा दिसतच नाही. म्हणून संशय पक्का असेल तर एसपीईपीबरोबर फ्री लाइट चेनचीही चाचणी करावी लागते. फार थोड्या रुग्णांत दोन्ही चाचण्यांना काहीच सापडत नाही. तिथे मॅरो आणि स्कॅनच बोलतात.

या सुट्या हातांची गोष्ट १८४५ सालची आहे. लंडनमधला एक ४५ वर्षांचा किराणा दुकानदार हाडांच्या वेदनेने हैराण झाला होता. त्याची लघवी विचित्र वागत होती. कोमट केली की गढूळ व्हायची, उकळली की निवळायची, थंड केली की पुन्हा गढूळ. त्याच्या डॉक्टरांनी नमुना हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवून विचारलं, हे आहे तरी काय? बेन्स जोन्स यांनी ते प्रथिन असल्याचं दाखवलं आणि हाडं ठिसूळ करणाऱ्या या आजारात ते पुन्हा शोधा, असं सांगून ठेवलं. कॅन्सर ओळखून देणारी ही जगातली पहिली प्रयोगशाळेतली खूण मानली जाते. हे प्रथिन म्हणजे अँटिबॉडीचे सुटे हात आहेत, हे जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवलं ते थेट १९६२ मध्ये.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात आणि त्या मी आवर्जून सांगेन. पहिली: लघवीत बुडवायची नेहमीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, सुटे हात तिला नीट दिसत नाहीत. ‘युरिन रूटीन नॉर्मल’ आलं म्हणून हा आजार नाही, असं म्हणता येत नाही. दुसरी: हे छोटे तुकडे किडनीतून गाळले जातात आणि जास्त झाले की तिथल्या बारीक नळ्या तुंबवतात. त्यात पाठदुखीसाठी रोज पेनकिलर चालू असेल तर किडनीवर दुहेरी मार बसतो. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आत्याने घेतल्या होत्या.

तुमच्या घरच्या रिपोर्टात हे कुठे दिसतं?

एसपीईपी सहसा कुणी आपणहून करत नाही. पण लिव्हर फंक्शन टेस्ट लाखो लोक करतात आणि तिच्यात टोटल प्रोटीन व अल्ब्युमिन असतंच. पहिल्यातून दुसरं वजा केलं की ग्लोब्युलिन उरतं. अँटिबॉडी या ग्लोब्युलिनमध्ये मोडतात. साधारणपणे अल्ब्युमिन साडेतीन ते पाच आणि ग्लोब्युलिन दोन ते साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे अल्ब्युमिन जास्त. रिपोर्टात ‘ए/जी रेशो’ म्हणून छापतात ते याच दोघांचं गुणोत्तर. ते एकच्या खाली गेलं तर डॉक्टर म्हणतात, रेशो उलटलाय. आत्याचा ०.५ होता.

उलटलेला रेशो म्हणजे कॅन्सर नव्हे. आपल्याकडे त्याची कारणं बहुतेक वेळा लिव्हरचा जुना आजार किंवा दीर्घ संसर्ग हीच असतात. पण कारण सापडत नसेल तर पठार आहे की सुळका हे बघायला हवं. ती एका चाचणीची गोष्ट आहे.

ईएसआरचंही, म्हणजे तांबड्या पेशी तळाशी बसण्याच्या वेगाचंही, तेच. मायलोमात रक्तातलं प्रथिन वाढल्याने तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात, भराभर तळाशी बसतात आणि ईएसआर शंभरच्या पुढे जाऊ शकतो. आता विचार करा: पाठ दुखतेय, वजन उतरलंय, ईएसआर १२० आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव मणक्याच्या टीबीचं येणार आणि ते येणं बरोबरच आहे, कारण टीबी आपल्याकडे खरोखर जास्त आहे. चूक होते ती पुढे. जंतूचा पुरावा नसताना गोळ्या चालू होतात, दोन महिन्यांनी फरक पडत नाही, तरी दुसरं नाव कुणी घेत नाही. ज्या माणसाची पाठ दुखते आणि हिमोग्लोबिन कमी आहे, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची खूण) वाढलंय किंवा कॅल्शियम वाढलंय, त्याची एसपीईपी व्हायलाच हवी. हे माझं ठाम मत आहे.

सुळका दिसला म्हणजे कॅन्सर झालाच?

नाही. नवख्या वाचकाला हाच भाग सर्वांत अवघड जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधले डॉ. रॉबर्ट काइल यांच्या लक्षात आलं की पुष्कळ धडधाकट माणसांच्या रक्तातही छोटा सुळका असतो. या अवस्थेला त्यांनी १९७८ मध्ये ‘एमजीयूएस’ हे नाव दिलं. त्याचा मथितार्थ असा, की एकसाची प्रथिन आहे पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. नावातच प्रामाणिकपणा आहे. त्यांच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या ३.२ टक्के आणि सत्तरीपुढच्या ५.३ टक्के लोकांत तो सापडला. त्यातून मायलोमा किंवा तशाच आजाराकडे जाणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला सरासरी १ टक्का.

उलट बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. ज्यांना मायलोमा झाला त्यांचे वर्षानुवर्षं साठवलेले जुने नमुने संशोधकांनी काढून तपासले. २००९ मध्ये ते निष्कर्ष आले: जवळपास प्रत्येकाच्या रक्तात कॅन्सरच्या आधीपासून एकसाची प्रथिन होतं. म्हणजे मायलोमाच्या गावाला जाणारा प्रत्येकजण या फाट्यावरून जातो, पण फाट्यावर आलेले बहुतेकजण त्या गावाला जात नाहीत.

मग कॅन्सर म्हणायचं केव्हा? मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा जास्त असाव्या लागतात, आणि जोडीला शरीराची हानी दिसावी लागते: कॅल्शियम वाढलेलं, किडनी बिघडलेली, रक्त कमी झालेलं किंवा हाडं पोखरलेली. हानी व्हायची वाट न पाहता उपचार सुरू करावेत अशाही काही खुणा २०१४ मध्ये ठरल्या. सुट्या हातांचं गुणोत्तर १०० पट किंवा जास्त बिघडणं ही त्यातली एक. पेशी किंवा प्रथिन बरंच आहे पण हानी नाही, अशी मधली अवस्थाही असते. तिला ‘स्मोल्डरिंग’ म्हणतात, राखेखाली धुमसणारी.

मग पन्नाशीनंतर सगळ्यांचीच चाचणी का करू नये?

प्रश्न रास्त आहे. हिशोब करून पाहू. पन्नाशीपुढची १,००० माणसं तपासली तर सुमारे ३२ जणांत एकसाची प्रथिन सापडेल. वर्षाला १ टक्का धरला तर या ३२ जणांतल्या एकाला कॅन्सरकडे जायला साधारण तीन वर्षं लागतील. उरलेले ३१ जण तोवर काय करतील? दर सहा महिन्यांनी सुई टोचून घेतील, रिपोर्ट उघडताना हात थरथरेल. त्यातल्या बहुतेकांना पुढे भलतंच काही होईल, हा आजार होणारच नाही. आणि ‘आहे पण नाही’ अशा अवस्थेवर देण्यासाठी औषध नसतं.

यावर प्रत्यक्ष प्रयोग चालू आहे. आइसलँड या छोट्या देशात संशोधकांनी २०१६ पासून चाळिशीपुढच्या सगळ्या नागरिकांना रक्त तपासून घ्यायचं आमंत्रण दिलं आणि ८०,००० हून जास्त लोक तयार झाले. अशा शोधाने माणसं खरोखर जास्त जगतात का, की नुसती जास्त दिवस काळजी करतात, हे त्यातूनच कळेल. तोवर निरोगी माणसांची सरसकट चाचणी करा, असं कुणी जबाबदारीने म्हणू शकत नाही.

धुमसणाऱ्या अवस्थेचं चित्र मात्र बदलतंय. धोका जास्त असलेल्यांना डॅराट्युमुमॅब हे औषध आधीच दिलं तर काय होतं, हे पाहणाऱ्या चाचणीचे निकाल २०२४ च्या डिसेंबरात आले. पाच वर्षांनी आजार न वाढलेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत ६३.१ टक्के होते, नुसती देखरेख ठेवलेल्यांत ४०.८ टक्के. लवकर सापडण्याला अर्थ येतो तो असा, सापडल्यावर करण्यासारखं काही असलं की.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून पाचसहा चाचण्यांचा गुच्छ विकला जातो, त्याचंही उत्तर यातच आहे. त्यात बहुधा पोट, अंडाशय, प्रोस्टेट यांच्या खुणा असतात. मायलोमा त्यात दिसत नाही आणि लक्षणं नसताना त्यातल्या बहुतेक चाचण्या गोंधळच वाढवतात.

बीटा-टू आणि एलडीएच

निदानानंतर ही दोन नावं कानावर येतात. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन हे शरीराच्या जवळजवळ सगळ्या पेशींवर असणारं छोटं प्रथिन. ३.५ च्या खाली आणि अल्ब्युमिन चांगलं असेल तर आजार पहिल्या पायरीवर, ५.५ किंवा वर गेलं तर तिसऱ्या, अशी विभागणी २००५ पासून वापरात आहे. किडनी बिघडली तरी ते वाढतं, म्हणून एकट्या आकड्याने घाबरू नये. एलडीएच पेशींच्या तुटफुटीबरोबर वाढतं. लिम्फोमात आजाराचा जोर जोखायला ते वापरतात, पण ते मार लागल्यावर, लिव्हरच्या आजारात, अगदी नमुना नीट हाताळला नाही तरी वाढतं. निदान करायला ही दोन्ही निरुपयोगी, मोजमापाला उपयोगी.

आणि ती सात वर्षांची बातमी

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या नमुन्यांच्या साठ्यातल्या ४४,००० हून जास्त लोकांच्या साठवलेल्या रक्तात १,४६३ प्रथिनं मोजली आणि पुढे कुणाला कुठला कॅन्सर झाला ते पाहिलं. १९ प्रकारच्या कॅन्सरशी प्रथिनांचे ६१८ संबंध दिसले. त्यातले १०७ संबंध निदानाच्या सात वर्षांहून आधी घेतलेल्या रक्तातही दिसले. बातमी झाली ती या वाक्याची.

संशोधन चांगलंच आहे. पण संबंध दिसणं आणि तुमच्या एका थेंबावरून ‘तुम्हाला होणार’ असं सांगता येणं यात मोठं अंतर आहे. गटाची सरासरी थोडी वर असते, तरी गटातली बरीच माणसं निरोगी राहतात, हे एमजीयूएसच्या हिशोबात आपण पाहिलंच. मला त्यात जास्त आशा वाटते ती वेगळ्या कारणाने. पुढे मायलोमा झालेल्यांच्या रक्तात आधीपासून वाढलेल्या प्रथिनांत एसएलएएमएफ७ होतं. ते प्लाझ्मा पेशींच्या अंगावरचं प्रथिन, आणि त्यालाच पकडणारं एक औषध आधीपासून वापरात आहे. जी खूण शत्रूचा पत्ता सांगते तीच बाण मारायची जागाही दाखवते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली, २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार-१९ ही कार-टी उपचारपद्धती, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याची पद्धत, याच तत्त्वावर चालते. तिचं लक्ष्य मायलोमा नाही, काही ल्युकेमिया आणि लिम्फोमांच्या पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन आहे.

आत्याचा सुळका

सुरुवातीला आत्याचं एम-प्रोटीन ४.८ ग्रॅम होतं. चार महिन्यांच्या उपचारानंतर १.१ झालं, वर्षाने ०.३. निदानाला ज्या आलेखाने मदत केली तोच आता औषध लागू पडतंय की नाही हे सांगतो. दर खेपेला एकाच लॅबमधून तपासायचं, कारण लॅब बदलली की आकडा थोडा हलतो आणि नसती धास्ती बसते.

तिची फाइल मी तारखेनुसार लावून ठेवली आहे. तो पाच महिने बाजूला पडलेला कागद सर्वांत वर आहे. डॉक्टर बदलले की तोच आधी दाखवते ती, ६.१ वर बोट ठेवून.